युद्धकाळातली उघडलेली पत्रं : त्यातून खरंच काय हाती लागत असे?

टपालवेडा

जुनी पाकिटं जमवणाऱ्याच्या हाती महायुद्धांच्या काळातली सेन्सॉर झालेली पाकिटं येतातच. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश पाकीट असेल तर एक कड कापलेली आणि त्यावर पट्टी डकवलेली दिसते. पट्टीवर ‘पी. सी. ९०, ओपन्ड बाय एक्झामिनर’ आणि तपासनिसाचा क्रमांक. लष्करी पाकिटांवर ‘पास्ड सेन्सॉर’चे शिक्के. अमेरिकेने तर पर्ल हार्बरनंतर लगेच, डिसेंबर १९४१ मध्ये, बायरन प्राइस या पत्रकाराच्या हाताखाली स्वतंत्र कचेरीच थाटली. १९४३ च्या सुरुवातीला तिथे चौदा हजारांहून अधिक माणसं कामाला होती.

एवढी माणसं दिवसभर परक्यांची पत्रं वाचत बसली, त्यातून मिळालं काय? हेर पत्रांतून सापडलेच नाहीत असं मी म्हणत नाही, पण ते मोजकेच. माझं मत असं की हेर पकडणं ही सांगण्यापुरती गोष्ट होती, खरा उपयोग आपल्याच माणसांच्या मनात काय चाललंय ते कळण्याचा. तुम्हाला काय वाटतं? उदाहरणं द्या, घरातली जुनी पत्रं असतील तर त्यांबद्दलही लिहा.

अर्धविराम

विषय आवडला. वाचत राहणार.

पश्चिमरेषा

‘मोजकेच’ला माझा आक्षेप. बर्म्युडाचं उदाहरण घ्या. अमेरिका-युरोप टपाल नेणारी विमानं आणि जहाजं बर्म्युडाला थांबत. ब्रिटिशांनी तिथल्या प्रिन्सेस हॉटेलमध्ये सेन्सॉरची कचेरी मांडली. बहुतेक कर्मचारी ब्रिटनहून आलेल्या बायका. न्यूयॉर्कहून स्पेन-पोर्तुगालच्या पत्त्यांवर जाणारी, खाली ‘जो के.’ अशी सही असलेली पत्रं त्यांना खटकली. वरवर धंद्याची पत्रं, पण भाषा कुठेतरी अवघडलेली. रसायनांची तपासणी केल्यावर पाठीमागे अदृश्य शाईतला मजकूर निघाला.

मार्च १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपाशी एक माणूस टॅक्सीखाली येऊन गेला. त्याच अपघाताची हकिकत जो के.च्या पत्रात आली. मेलेला माणूस जर्मन लष्करी हेर फॉन डर ऑस्टेन होता. त्या धाग्यावरून ऑगस्टमध्ये कुर्ट लुडविग पकडला गेला आणि त्याची अख्खी टोळी उघडी पडली. हे पत्रं वाचणाऱ्यांचंच श्रेय.

टपालवेडा

मान्य. पण हे एक प्रकरण किती लाख पत्रांमागे?

पश्चिमरेषा

हिशोब फक्त पकडलेल्या हेरांचा करू नका. न पाठवलेल्या पत्रांचाही करा. पत्र उघडलं जाणार हे माहीत असल्यावर हेराला साधा निरोप धाडणं किती महाग पडतं! अदृश्य शाई, खोटे पत्ते, सांकेतिक भाषा, त्यात आठवडे जातात. निरोप पोचेपर्यंत जहाज बंदर सोडून गेलेलं असतं. नुसत्या उशिरालाही युद्धात किंमत असते.

आणि शत्रूचा व्यापार! पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हॉलंड आणि स्कँडिनेव्हियाकडे जाणाऱ्या जहाजांवरचं टपाल उतरवून तपासलं. कोणती तटस्थ पेढी जर्मनीला माल पुरवते ते त्यातून कळे आणि नाकेबंदी तिथे आवळता येई. १९०७ च्या हेग करारात समुद्रावरच्या टपालाला संरक्षण होतं, म्हणून ब्रिटिशांनी जहाजं आपल्या बंदरात आणून तिथे टपाल उतरवायची युक्ती काढली. १९१६ मध्ये अमेरिकेने त्याबद्दल जोरदार निषेध नोंदवला होता.

बर्म्युडालाच १९४० मध्ये ‘एक्सकॅलिबर’ जहाजावर पॅरिसच्या फाबियानी या व्यापाऱ्याची चित्रं सापडली. त्यात रेन्वारची शेकड्यांनी. विकून येणारं परकी चलन जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून ती जप्त करून कॅनडात ओटावाला नेऊन ठेवली.

भीमथडी

दूरचं कशाला, पकडलेल्या पत्राचं सगळ्यात दुःखद उदाहरण आपल्याकडचंच आहे. जानेवारी १७६१. नानासाहेब पेशवे भाऊसाहेबांच्या मदतीला उत्तरेकडे निघालेले. वाटेत सावकारांचा जासूद पकडला गेला. त्याच्याकडच्या पत्रात मजकूर होता : दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्द्याची गणती नाही. पानपतावर विश्वासराव आणि भाऊ पडले, सत्तावीस सरदार गेले, बाकी फौजेचा हिशोब नाही. पेशव्यांना ही बातमी सावकारी निरोपातून कळली. घराण्यातला मुलगा आणि भाऊ गेल्याचं असं कळावं!

त्या काळी सावकारांचं टपाल सरकारी जासुदांच्याही पुढे धावे, कारण हुंडीचा भाव बातमीवर ठरे.

मोडीप्रेमी

भीमथडी, आठवण चांगली काढलीत. शब्दांचे पाठभेद आहेत, पण सार तेच. मात्र ही सेन्सॉरशिप नव्हे. वाटेत हाती लागलेलं एक पत्र आणि रोज येणारं प्रत्येक पोतं उघडणारी कचेरी यांत फार फरक आहे.

भीमथडी

फरक आहेच. मला म्हणायचंय ते वेगळं. लपवायची वेळ आली की माणूस बाजाराची भाषा बोलतो. १९१५ मध्ये यान्सन आणि रोस हे दोन हेर सिगारचे फिरते विक्रेते म्हणून इंग्लंडच्या बंदरांत हिंडले. हॉलंडमधल्या पेढीला ते तारेने सिगारच्या ऑर्डरी धाडत, आणि सिगारचा प्रकार म्हणजे युद्धनौकेचा प्रकार. तपासनिसांना संशय आला तो साध्या कारणाने. बंदरातले खलाशी पाइप ओढतात, त्यांच्यात इतक्या हजार सिगार खपतील कशा? ३० जुलै १९१५ ला लंडनच्या टॉवरमध्ये दोघांना गोळ्या घातल्या.

सावकाराची मोत्ये आणि हेराच्या सिगार, युक्ती तीच.

चिंचपोकळीकर

आणि बाहुल्या राहिल्या! न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर व्हेलव्हली डिकिन्सन नावाच्या बाईचं बाहुल्यांचं दुकान होतं. ती ब्यूनॉस आयर्सला बाहुल्यांबद्दल पत्रं लिही. ‘तीन जुन्या इंग्लिश बाहुल्या दुरुस्तीला दिल्यात’ म्हणजे जहाजं गोदीत आहेत. पाठवणारी म्हणून ती आपल्याच गिऱ्हाइकांची नावं-पत्ते घाली. तिकडच्या पत्त्यावर घेणारं कुणी उरलं नाही, तेव्हा पत्रं ‘परत’ येऊ लागली, ती त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकांच्या दारात! त्यांनी ती पत्रं लिहिलीच नव्हती. एका पत्रात ‘मिस्टर शॉ आजारी होते, लवकरच कामावर रुजू होतील’ असं होतं. ‘शॉ’ ही पर्ल हार्बरला मोडलेली विनाशिका. १९४४ मध्ये बाईंना दहा वर्षांची शिक्षा झाली.

कातळवाट

चिंचपोकळीकर, हे वाचून आमची चिमी विचारतेय की तिच्या ठकीचं पत्र पोलीस वाचतील का. :)

चिंचपोकळीकर

चिमीला सांगा, त्या काळी अमेरिकेत परदेशी जाणाऱ्या टपालातून लहान मुलांची चित्रंसुद्धा काढून घेत, कारण चित्रात नकाशा दडलेला असू शकतो. पत्राने खेळायचा बुद्धिबळाचा डाव बंद, शब्दकोडी बंद. पत्राखाली चुंबनासाठी काढलेल्या फुल्याही खोडत. ठकीचं पत्र नक्की अडकलं असतं.

सुभेदारकन्या

वडील फौजेत होते. आमच्या पत्त्यात गावाचं नाव कधी नसे. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘द्वारा ५६ ए.पी.ओ.’ (ए.पी.ओ. म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय) एवढंच. पुढे ते पूर्वेकडे गेले तेव्हा ‘९९ ए.पी.ओ.’ झालं, आणि आईला कळलं ते तेवढंच, की पूर्वेकडे. १९७१ च्या हिवाळ्यात आलेल्या अंतर्देशीय पत्रांत फार तर पाच ओळी. मी बरा आहे, काळजी नसावी, मुलांचा अभ्यास बघ. कुठे आहेत, काय चाललंय, काही नाही.

आई पत्र वाचून झाल्यावर अक्षर बघायची. अक्षर नेहमीसारखं असलं की तिचा दिवस बरा जाई. दुसऱ्या कुणी पत्र उघडलं होतं की नाही हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नाही. वडील स्वतःच इतकं जपून लिहीत की वाचणाऱ्याला खोडायला काही उरत नसे. मला वाटतं सेन्सॉरचं मोठं काम पत्र लिहिणाऱ्याच्या हातूनच होऊन जातं.

अर्धविराम

सुभेदारकन्या, तुमचा प्रतिसाद फार आवडला.

जाता जाता, टिळकांना मंडालेला आणि सावरकरांना अंदमानात पत्रांवर असेच निर्बंध होते ना? टिळकांना सुटे कागदसुद्धा देत नसत, पानांवर क्रमांक घातलेल्या बांधीव वह्या आणि पेन्सिल.

मोडीप्रेमी

होते, पण तो तुरुंगाचा कायदा. इथे युद्धकाळाबद्दल बोलू. शिवाय १८९८ च्या टपाल कायद्यातलं कलम २६ होतंच, सार्वजनिक आणीबाणीत किंवा सुरक्षिततेसाठी टपाल अडवायची मुभा देणारं. ते स्वातंत्र्यानंतरही राहिलं. आता २०२३ च्या नव्या कायद्यात तसा अधिकार कलम ९ मध्ये आहे.

खडकीचा_खलाशी

मूळ प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या शिपायांचं आहे आणि ते अजून कुणी काढलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१९१४ च्या शरदात हिंदी फौज फ्रान्समध्ये उतरली. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करी इंजिनिअरांच्या) विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबरला न्यव्ह शापेलला जे सोसलं ते आमच्याकडे अजून सांगितलं जातं. फौजेबरोबर टपाल आलं आणि टपालाबरोबर सरकारची भीती. परदेशातून ब्रिटिशांविरुद्ध उठावाची हाक देणाऱ्या गदरवाल्यांचं साहित्य शिपायांच्या हाती पडेल, घरून येणाऱ्या पत्रांतून असंतोष शिरेल. म्हणून कॅप्टन हॉवेल या अधिकाऱ्याकडे हिंदी टपालाची तपासणी दिली. कचेरी बूलोन्यला. मार्च १९१५ च्या सुमारास शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. सगळी वाचणं शक्यच नव्हतं. काही निवडून त्यांतले उतारे इंग्रजीत करायचे आणि दर आठवड्याला अहवाल लंडनला पाठवायचा.

आता टपालवेडा, तुमचं मत इथे लागू पडतं. त्या अहवालांत हेर जवळजवळ नाहीतच. काय आहे? थंडी, चिखल, तोफा. मेलेल्यांची नावं. जखमी बरा झाला की पुन्हा मोर्चावर का पाठवतात हा राग. फ्रेंच बायकांशी जुळलेले संबंध. तुर्कस्तान युद्धात उतरल्यावर मुसलमान शिपायांच्या मनातली घालमेल. इंग्लंडमधल्या इस्पितळातून एका जखमी शिपायाने लिहिलं होतं की हे युद्ध नव्हे, हा जगाचा अंत आहे, महाभारतात सांगितलंय तसा. सरकारला हेच हवं होतं : फौज अजून किती दिवस टिकेल?

आणि भीमथडी, बाजाराची भाषा इथेही आहे. शिपाई घरी लिहीत की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची येतेय. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची गोरे. निरोप असा की आपली माणसं मरताहेत, भरतीला येऊ नका. हॉवेलला हे उमगलं होतं. त्याने लिहून ठेवलं की अशा आडवळणाच्या बोलण्यावर पूर्ण सेन्सॉर बसवणं जवळपास अशक्य आहे.

पश्चिमरेषा

खडकीचा_खलाशी, उत्तम प्रतिसाद. पण हीसुद्धा गुप्त माहितीच झाली की. शत्रूच्या हेरापेक्षा स्वतःच्या फौजेचा धीर खचलाय का हे कळणं सेनापतीला जास्त मोलाचं.

खडकीचा_खलाशी

अगदी. आणि त्या माहितीवर निर्णयही होत. हाताला जखम झालेल्यांचं प्रमाण पाहून, शिपाई स्वतःलाच इजा करून घेतात असा संशय बळावला. पत्रांमध्ये घरून बिब्बा मागवल्याचेही उल्लेख सापडत होते. बिब्ब्याने अंग सुजतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलमध्ये ब्रूस सेटन यांनी एक हजार जखमा तपासल्या आणि मुद्दाम करून घेतल्याचा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. एकीकडे पत्रांवरून संशय, दुसरीकडे जखमांवरून उत्तर.

वैद्यबुवा

बिब्ब्याबद्दल एक शब्द. रस लागला की फोड उठतात, सूज येते, डोळ्याजवळ लागला तर फार वाईट. घरात कुणी प्रयोग करू नये. असं करून आजारी पडायची वेळ यावी यावरूनच तिथे काय परिस्थिती असेल ते समजतं.

सांजवात

मला इथे एक सांगावंसं वाटतं. ही पत्रं शिपायांचा ‘खरा आवाज’ म्हणून हल्ली खूप दाखवली जातात. पण बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हतं. पलटणीतला लिहिणारा दुसराच. पत्र पलटणीतल्या अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाणार हे शिपायाला माहीत. घरी ते कुणीतरी चारचौघांत मोठ्याने वाचणार. त्यात बायकोला काय लिहिणार, भीतीबद्दल काय बोलणार? मग हॉवेलच्या कचेरीत त्यातला अहवालात घालण्याजोगा तुकडा निवडला जाणार. आपल्याला आज दिसतं ते साहेबाला महत्त्वाचं वाटलं तेवढंच. गाय व्याली का, पावसाने साथ दिली का, मनीऑर्डर पोचली का, असल्या ओळी किती गळल्या असतील!

खडकीचा_खलाशी

सांजवात, हे सगळं खरं. तरीही मी त्या अहवालांचा ऋणी आहे. शिपायांच्या घरी गेलेली मूळ पत्रं बहुतेक कसरीने, पावसाने, घर बदलताना गेली. आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात जे आहे ते संशयापोटी उतरवून घेतलं होतं म्हणूनच राहिलं. उतारे अपुरे असले तरी ज्यांच्याकडून दुसरी एक ओळ मागे राहिली नाही त्यांचं काहीतरी त्यात आहे.

सह्यकडा

फ्रान्सचं बोलणं होतं तेव्हा आमच्याकडची माणसं बाहेर राहतात. मराठा पलटणी बहुतेक मेसोपोटेमियात होत्या. कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. आमच्या सातारा जिल्ह्यातलं आपशिंगे गाव घ्या, ‘मिलिटरी आपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. बूलोन्यच्या उताऱ्यांत त्यांना शोधून सापडायचे नाहीत. म्हणून मला या कागदांचं कौतुक करताना जरा थांबावंसं वाटतं. ज्यांच्यावर सरकारची नजर जास्त, त्यांचे शब्द जास्त उरले.

सांजवात

सह्यकडा, हा मुद्दा इथे कुणीतरी मांडायलाच हवा होता.

गोंयकार_मडगांवचो

दुसऱ्या महायुद्धात गोवा पोर्तुगीज, म्हणून तटस्थ. ऑक्टोबर १९४३ मध्ये मुरगाव बंदरात ‘ग्रिप्सहोम’ आणि ‘तेइया मारू’ ही जहाजं शेजारी लागली आणि अमेरिकन-जपानी नागरिकांची अदलाबदल झाली. कैद्यांसाठीचं टपाल आणि रेडक्रॉसचं सामानही इथूनच पलीकडे गेलं. युद्धात शत्रूच्या मुलखात पत्र पोचवायचं तर अशी तटस्थ जागा लागते, आणि म्हणून तिथे सगळ्यांचे कानही लागलेले असतात.

टपालवेडा

मुरगावचं माहीत नव्हतं, देव बरें करूं.

दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेतल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांचेही असेच अहवाल निघत. १९४३ मध्ये बंगालचा दुष्काळ आणि देशभरची महागाई त्यांत उमटू लागली. सैनिक युद्धापेक्षा घरच्या धान्याची काळजी जास्त लिहीत होते, आणि हे लष्कराला कळत होतं. वर्तमानपत्रांवर बंधनं असताना सरकारला आपल्याच प्रजेच्या चुलीची खबर जवानांच्या पत्रांतून मिळत होती. म्हणून मी अजून माझ्या मतावर आहे. जो के. आणि बाहुलीवालीची प्रकरणं खरी, पण त्या चौदा हजार माणसांचा रोजचा दिवस अशा बातमीतच गेला.

पश्चिमरेषा

आणि मी माझ्या. कळून उपयोग काय केला हा प्रश्न वेगळा. दुष्काळाची खबर असून धान्य वेळेवर हललं नाही, हा दोष पत्र वाचणाऱ्याचा नाही, अहवाल वाचणाऱ्याचा.

एक मुद्दा राहिला. कधीकधी पत्र मुद्दाम सोडूनही देत. कार्ल लोडी हा जर्मन हेर १९१४ मध्ये स्टॉकहोमच्या पत्त्यावर लिहायचा. त्याची पत्रं अडवत होते, पण रशियन फौज स्कॉटलंडमध्ये उतरल्याची अफवा त्याने कळवली ते पत्र बिनबोभाट पुढे जाऊ दिलं. खोटी बातमी शत्रूच्या घरी त्याच्याच माणसाच्या हातून गेली. त्याला ६ नोव्हेंबरला गोळ्या घातल्या.

कातळवाट

सगळं वाचून धीर करून विचारते. आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या वडिलांचं बसऱ्याहून आलेलं १९१७ चं पत्र आहे. लिपी मोडी, घरात कुणाला वाचता येत नाही. मधल्या दोन ओळी काळ्या शाईने पूर्ण खोडल्यात. त्या ओळी वाचता येतील का?

मोडीप्रेमी

कातळवाट, बाकीचं पत्र मी नक्की वाचून देईन. खोडलेल्या ओळींचं खात्रीने सांगता येत नाही. लिहायची शाई आणि खोडायची शाई वेगळी असेल तर अवरक्त प्रकाशात काढलेल्या फोटोत खालची अक्षरं कधीकधी दिसतात. हस्तलिखितं जपणाऱ्या एखाद्या संस्थेत विचारून पाहा. तोवर ओला कापूस, रबर, रसायन काहीही लावू नका. घड्या जोराने उलगडू नका, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. दोन्ही बाजूंचा स्कॅन काढा, पाकीट असेल तर त्याचाही. आणि मोठं रिझोल्यूशन ठेवा, मोडीत एक वळण हरवलं तर शब्द बदलतो.

टपालवेडा

पाकिटाचा स्कॅन मलाही पाठवा. शिक्क्यावरून कोणत्या फील्ड पोस्ट ऑफिसातून निघालं आणि कुणी तपासलं ते शोधता येईल.

कातळवाट

पाकीट आहे. रविवारी पेटी काढते आणि दोघांनाही पाठवते.